धुळ्यात उघडेल तीच टेप खरी

मंगलाअक्का भंगाळे यांच्या षष्ट्यब्दीनिमित्त निघणाऱ्या या ग्रंथात मी लिहावे, असा निरोप आला तेव्हा पहिल्यांदा मी नाही म्हणालो. अक्कांबद्दल लिहायचे तर टेपबद्दल लिहावे लागणार, आणि टेपबद्दल लिहिले तर वाचणार कोण? यावर संपादकांनी सांगितले, की आजवर आलेल्या सगळ्या लेखांत अक्कांचा प्रेमळ स्वभाव आहे, अक्कांचे भरीत आहे, पण अक्का तीस-एक वर्षे नोकरीत नेमके काय करत होत्या, ते कोणीच लिहिलेले नाही. हे ऐकून मला राग आला. म्हणून हा लेख.

आमच्या विश्वस्त संस्थेचे कर्करोग रुग्णालय जळगावला आहे आणि त्याची शाखा धुळ्याला. अक्का जळगावच्या संगणक विभागाच्या प्रमुख. मी धुळ्याच्या शाखेत त्याच कामाला. नोकरी लागली तेव्हा शिकण्यासाठी मला आधी जळगावला पाठवले होते. विभागाचे दार उघडून आत गेलो, तर सुती साडीतल्या एक बाई वाकून लोखंडी कपाटातल्या एका यंत्राला कान लावून उभ्या होत्या. मी नमस्कार केला. त्यांनी हातानेच गप्प राहण्याची खूण केली, आणि थोड्या वेळाने मलाही जवळ बोलावले.

"कान लाव इकडे. ऐकू येते का तुले? हे चालू नाही ऱ्हायलं, ठेचकाळू ऱ्हायलं."

मी कान लावला. आत काहीतरी घुमत होते, मधेच थांबत होते, कुरकुरत मागे जात होते, पुन्हा सुरू होत होते. नोकरीचा पहिला दिवस, नवा शर्ट, आणि मी यंत्राला कान लावून उभा. अक्कांची आणि माझी ओळख झाली ती अशी. माझे नाव त्यांनी त्यानंतर विचारले.

ते यंत्र म्हणजे टेप ड्राइव्ह. रुग्णालयातली सगळी माहिती, म्हणजे तपासण्या, स्कॅन, उपचारांचे आराखडे, रोज एका टेपवर उतरवून ठेवायची असते, म्हणजे मुख्य यंत्र बिघडले तरी माहिती जात नाही. हाच बॅकअप. टेपवर माहिती सलग धारेने जात नाही, गठ्ठ्यागठ्ठ्याने जाते. त्या गठ्ठ्याला ब्लॉक म्हणतात, आणि तो केवढा ठेवायचा हे आपण ठरवायचे असते. अक्का रावेरकडच्या केळीवाल्या घरातल्या. त्यांनी मला ते असे समजावले: "ट्रक भरताना एकेक फणी हातात दिली, तर वर उभा असलेला माणूस निम्मा वेळ रिकामाच उभा राहतो. अख्खा घड दे, मग बघ." टेपचे तर याहून वाईट. माहिती पुरली नाही तर वेगात असलेली फीत जागच्या जागी थांबू शकत नाही. ती थोडी पुढे जाते, मागे येते, आपली जागा शोधते आणि पुन्हा धावू लागते. यात वेळही जातो आणि फीतही झिजते. आमच्याकडे ब्लॉक फार लहान ठेवलेला होता, आणि तो कोणी व का ठेवला हे कोणालाच ठाऊक नव्हते. आधीपासून तसाच होता, एवढेच सगळ्यांना माहीत होते.

त्यावर डोके लावायची अक्कांना काय गरज होती? याचे उत्तर नोंदणीच्या खिडकीवर होते. बॅकअप सकाळपर्यंत रेंगाळायचा, तो चालू असला की बाकी सगळी यंत्रे मंदावायची, आणि नेमकी तेव्हाच बाहेर रांग लागलेली असायची. खिडकीवर सुशीलाताई बसायच्या. पडदा हलेना म्हणून लोक त्यांच्यावर खेकसायचे. पहूरहून पहाटेच्या गाडीने आलेले एक गृहस्थ त्यांना नको ते बोलले. अक्का तिथून जात होत्या. त्या खिडकीच्या आत जाऊन सुशीलाताईंच्या शेजारी उभ्या राहिल्या आणि रांगेला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "यांचा काही दोष नाही. आमचं यंत्र हळू आहे आणि ते यंत्र माझ्याकडे आहे. रागवायचं असेल तर मला रागवा." वर येऊन अक्का मला म्हणाल्या, "आता हे दुरुस्त करायलाच लागेल भो. रोज कुठं खिडकीत उभी राहू?"

त्यानंतर त्यांनी जे केले ते मी जवळून पाहिले, आणि खरे सांगतो, थक्क झालो. अडगळीच्या खोलीतला एक जुना संगणक त्यांनी चालू केला आणि त्याच्यावर प्रयोग मांडले. ब्लॉक थोडा मोठा करायचा, टेप लिहायची, वेळ बघायचा, आवाज ऐकायचा. पुन्हा थोडा मोठा. मी म्हणालो, "अक्का, एकदम सगळ्यात मोठा करून टाकू या ना." त्यावर त्यांनी माझ्याकडे असे पाहिले, की मी गुमान नवी टेप आणायला गेलो. एका टप्प्यावर ते ठेचकाळणे थांबले. ड्राइव्हमधून एकसारखा, न तुटणारा घुमारा येऊ लागला. अक्कांनी माझा खांदा दाबला. तोच आकार मुख्य यंत्रावर ठेवला आणि त्या दिवसापासून रांग लागायच्या कितीतरी आधी बॅकअप पुरा होऊ लागला, आणि सुशीलाताईंचा पडदा पळू लागला. विश्वस्तांनी अक्कांचा सत्कार केला. लोक त्यांना "वेगवाल्या अक्का" म्हणू लागले. हे नाव त्यांना आवडायचे, हेही सांगून टाकतो. गौरवलेख आहे म्हणून माणसाला अगदीच संत करू नये.

शिकून झाल्यावर मी धुळ्याला आलो. संस्थेची रीत अशी, की जळगावच्या टेपची एक प्रत धुळ्याच्या कपाटात राहायची. कापडी पिशवीतून टेप यायच्या, आणि बरोबर वेगळ्या डब्यात केळीचे वेफर्स. वेफर्स त्याच दिवशी संपायचे. टेप कपाटात जायच्या आणि तिथेच राहायच्या. त्या उघडून पाहायच्या असतात, अशी रीत तेव्हा धुळ्यात नव्हती.

मग काही वर्षांनी तो मे महिना आला. जळगावचा मे म्हणजे काय, ते आपल्या वाचकांना सांगायला नको. यंत्रांची खोली गार ठेवणारे यंत्र सुट्टीच्या दिवशी बंद पडले, आणि कोणाच्या लक्षात येईपर्यंत मुख्य साठवण जळाली. त्याच कपाटातला टेप ड्राइव्हही गेला. नवा ड्राइव्ह यायला अवकाश होता. तरी अक्का शांत होत्या. "टेप धुळ्यात आहेत, ड्राइव्हही धुळ्यात आहे," असे त्यांनी सगळ्यांना सांगितले, आणि पहिल्या गाडीने त्या आमच्याकडे आल्या.

त्याच सकाळी धुळ्याच्या दवाखान्यात हिराबाई आल्या होत्या. त्या पिंपळनेरच्या. त्यांची आणि त्यांचे यजमान शांतारामनाना यांची परवानगी घेऊनच हे लिहितो आहे. विचारायला गेलो तेव्हा सगळेच लिहायला सांगत नाना म्हणाले, "लिखा बठ्ठं. काय लपाडनं शे त्यामा?" हिराबाईंवर काही वर्षांपूर्वी, मी धुळ्याला आलो त्यानंतर, जळगावला किरणोपचार झाले होते. आता पाठीच्या कण्याजवळ नवी गाठ आली होती आणि ती मज्जारज्जूवर दाबत होती. आमचे किरणोपचारांचे डॉक्टर म्हणाले, की दोन-चार दिवसांत उपचार सुरू झाले नाहीत, तर पाय जातील आणि गेलेले पाय परत येणार नाहीत. पण त्याच भागाजवळ आधी किरण दिलेले होते. मज्जारज्जू आयुष्यात ठरावीक इतकेच किरण सोसतो. त्याहून जास्त झाले तर उपचारानेच पाय जायचे. कागदावर एकूण मात्रा लिहिलेली होती. पण कण्याच्या नेमक्या कोणत्या जागी किती गेले, हे फक्त संगणकातल्या आराखड्यात दिसते. तो आराखडा जळगावच्या साठवणीबरोबर जळाला होता. उरला होता तो टेपवर.

अक्का आल्या. कपाटातून टेप काढली, ड्राइव्हमध्ये घातली. यंत्राने ती आत घेतली, क्षणभर घुमवली आणि नकार दिला. पुन्हा घातली, पुन्हा नकार.

मी तिसऱ्यांदा टेप घालायला लागलो, तेव्हा अक्कांनी माझा हात धरला. "थांब. ओढाताण करू नको. आधी वाच, ते काय म्हणतंय." पडद्यावरचा संदेश त्यांनी सावकाश वाचला. "टेप खराब आहे असं ते म्हणत नाही. घास मोठा आहे म्हणतंय." आणि त्या खुर्चीत बसल्या. त्यांचा चेहरा उतरलेला मी तेवढा एकदाच पाहिला.

झाले होते ते असे. जळगावला अक्कांनी ब्लॉक मोठा केला आणि टेप धावू लागली. पण धुळ्याच्या संगणकातले जुने कार्ड, म्हणजे ड्राइव्ह आणि संगणक यांना जोडणारा भाग, एवढा मोठा ब्लॉक घेऊच शकत नव्हते. जळगावात लिहिलेल्या टेप जळगावात वाचून झाल्या होत्या. धुळ्यात कोणीच वाचून पाहिली नव्हती. ब्लॉक मोठा केला तेव्हापासून आम्ही दर महिन्याला मोठ्या भक्तिभावाने पिशवी भरून टेप आणत होतो, आणि त्यातली एकही इथे उघडणार नव्हती.

बाहेर बाकावर हिराबाई आणि नाना बसले होते, डॉक्टर उभे होते. अक्का उठून सरळ त्यांच्याकडे गेल्या. मला वाटले, 'थोडा तांत्रिक बिघाड आहे' असे काहीतरी सांगतील. आपण सगळे तेच सांगतो. अक्का म्हणाल्या, "नाना, वहिनींचा आराखडा टेपवर आहे आणि टेप शाबूत आहे. पण ती इथल्या यंत्रात उघडत नाही. ही चूक माझी आहे. काम लवकर व्हावं म्हणून मी बदल केला, आणि इथं येऊन तपासला नाही."

नानांनी हिराबाईंच्या पायांकडे बोट केले. मग म्हणाले, "अक्का, चूकनं मी काय करू? मनी बायको आठे चालत उनी शे. तिले चालतच घर लई जासू, इतलंच माले सांगा." बायको इथे चालत आली, ती चालतच घरी जावी, एवढेच त्यांचे म्हणणे होते.

"उद्यापर्यंत वेळ द्या," अक्का म्हणाल्या. डॉक्टरांनी मान हलवली.

अक्कांना जळगावच्या अडगळीच्या खोलीतला तो प्रयोगाचा संगणक आठवला होता. मोठा ब्लॉक पहिल्यांदा ज्याने गिळला होता, ते कार्ड त्याच्यात होते. तो संगणक जळाला नव्हता, कारण तो कोणाच्याच खिजगणतीत नव्हता. त्यांनी जळगावला फोन लावला. विभागातली सगळी माणसे जळलेल्या यंत्रांपाशी अडकली होती. अडगळीच्या खोलीची दुसरी किल्ली नोंदणीच्या खिडकीवर असायची. फोन सुशीलाताईंनी घेतला.

संगणक उघडून कार्ड कसे काढायचे, हे अक्कांनी त्यांना फोनवर सांगितले. कुठला स्क्रू, कुठली पट्टी, अंगातली वीज उतरावी म्हणून हात आधी लोखंडी कपाटाला कसा लावायचा, कार्ड कडेनेच का धरायचे. एकदाही आवाज चढला नाही. पलीकडे सुशीलाताई "हो अक्का, हो अक्का" म्हणत होत्या. कार्ड घेऊन त्या एस.टी.ने निघाल्या, आणि वेळ वाचावा म्हणून मी वाटेतल्या पारोळ्यापर्यंत मोटारसायकलने सामोरा गेलो. स्टँडवर एस.टी.तून सुशीलाताई उतरल्या. हातात पोळ्यांचा स्टीलचा डबा, त्यात पिशवीत गुंडाळलेले कार्ड. मी डबा मागितला, तर त्या म्हणाल्या, "अक्कांच्या हातात देईन. माझ्यासाठी त्या खिडकीत उभ्या राहिल्या होत्या." मग त्यांना मागे बसवून धुळ्याला आणले. उन्हाने दोघेही भाजून निघालो, पण डबा त्यांनी पदराखाली धरला होता.

अक्कांनी कार्ड बसवले. ब्लॉकचा आकार संगणकाला सांगितला. टेप घातली आणि वाकून ड्राइव्हला कान लावला. आधी एक खडखड झाली. मग घुमारा सुरू झाला. न थांबणारा, न कुरकुरणारा. अक्कांनी डोळे मिटून मान हलवली.

संध्याकाळच्या आत आराखडा डॉक्टरांच्या पडद्यावर होता. त्यावरच्या रंगीत रेषांवरून ते एकेक करून बोट फिरवत गेले. शेवटी म्हणाले, "या बाजूला जागा आहे. इथून देता येईल." दुसऱ्या दिवशी उपचार सुरू झाले. काही आठवड्यांनी हिराबाई पिंपळनेरच्या गाडीत बसल्या त्या स्वतःच्या पायांनी. हातात काठी होती आणि नाना उगाचच मागे हात धरून चालत होते. त्या दिवशी अक्का मुद्दाम धुळ्याला आल्या होत्या. गाडी सुटल्यावर त्या स्टँडवरच पदराने डोळे पुसू लागल्या, आणि माझ्याकडे पाहून म्हणाल्या, "काय पाहतो? चहा सांग."

एवढ्यावर कोणीही थांबले असते. लोक तर त्यांचे कौतुकच करत होते, की अक्कांनी काय युक्ती लढवली. अक्कांनी दोन्ही शाखांची बैठक बोलावली आणि झालेली चूक सगळ्यांसमोर जशीच्या तशी सांगितली. मग म्हणाल्या, "लिहून झाली म्हणजे टेप झाली असं आजपासून कोणी म्हणायचं नाही. धुळ्यात उघडेल तीच टेप खरी. न उघडलेली टेप म्हणजे नुसती फीत." त्यांच्या जागी मी असतो तर त्या बैठकीला आजारी पडलो असतो.

तेव्हापासून आमच्याकडे 'उघडणी' सुरू झाली. हा शब्द अक्कांचाच. दर महिन्याला जळगावहून टेप येते. रुग्णांच्या नावांच्या चिठ्ठ्या एका डब्यात असतात, तोच तो पोळ्यांचा डबा, सुशीलाताईंनी परत नेलाच नाही. समोर जो कोणी असेल, परिचारिका, स्वयंपाकीण, कोणीही, त्याने घडी न उलगडता एक चिठ्ठी काढून द्यायची. ते नाव टेपवर शोधायचे, धुळ्याच्या यंत्रात, धुळ्याच्या माणसाने. उघडले, तर जळगावला फोन. पहिली काही वर्षे मी या कामाला मनातल्या मनात शिव्या दिल्या. आम्हा धुळेकरांना जळगावकरांचे हुकूम तसेही पचत नाहीत. पण त्या फोनची मला हळूहळू ओढ लागली.

कारण अक्का फोनवर काय विचारायच्या, ते ऐका. टेप किती वेगाने चालली, हे त्यांनी एवढ्या वर्षांत एकदाही विचारले नाही. ज्या बाईंना सारे रुग्णालय वेगवाल्या अक्का म्हणते, त्या विचारायच्या, "उघडलं का?" आणि मी हो म्हटले, की दुसरा प्रश्न, "कसे आहेत ते?" ते नाव आमच्या दोघांबाहेर जात नसे. पण मला दर वेळी चौकशी करून ठेवावी लागे. कोणी बरे असायचे, कोणी उपचार घेत असायचे, कोणी गेलेले असायचे. गेलेल्यांसाठी त्या म्हणायच्या, "तरी नीट ठेव." टेपवर मला आकडे दिसत होते, अक्कांना माणसे दिसत होती. एवढी वर्षे त्यांच्या हाताखाली काढून मला जे शिकता आले, ते एवढेच. ब्लॉकचा आकार तर कोणीही शिकतो.

आमच्या घरी आई अंथरुणाला खिळली होती, तेव्हा टेपची पिशवी घेऊन अक्का दर महिन्याला स्वतः येत होत्या. निमित्त टेपचे. पिशवी माझ्याकडे देऊन त्या घरी जायच्या, आईचे केस विंचरायच्या आणि परतीची गाडी धरायच्या. हे मला आई गेल्यावर माझ्या पत्नीकडून कळले. मी विचारले, तर म्हणाल्या, "टेप द्यायला आले होते, वाटेत तुझं घर होतं." आमचे घर वाटेत नाही. ते धुळ्यातल्या देवपुराच्या पार टोकाला आहे.

गेल्या महिन्यात अक्कांनी निवृत्तीआधीची शेवटची टेप लिहिली. ती धुळ्याला आली त्या दिवशी हिराबाई वार्षिक तपासणीला आल्या होत्या. केस आता पांढरे झाले आहेत, काठी तीच आहे. मी डबा त्यांच्यापुढे धरला. "हाई काय शे, भाऊ?" त्यांनी विचारले. मी सांगितले, एक चिठ्ठी काढा. त्यांनी डोळे मिटून काढली. नाव दुसऱ्याच कोणाचे होते. टेप घातली, घुमारा सुरू झाला, ते नाव उघडले. त्या रुग्णाची चौकशी करून मी फोन लावला.

"उघडलं का?"

"उघडलं, अक्का."

"कसे आहेत ते?"

"बरे आहेत."

"आणि चिठ्ठी कोणी काढली?" हे त्यांनी आजवर कधी विचारले नव्हते. गमतीने विचारले असावे.

"पिंपळनेरच्या हिराबाईंनी. चालत आल्या होत्या."

मग अक्का म्हणाल्या, "नीट ठेव हं ती टेप." आणि फोन ठेवला.

अक्का, पुढच्या महिन्यापासून टेप दुसरे कोणी लिहितील. उघडायला मी आहे, आणि उघडली की फोन जळगावच्या विभागाला नव्हे, तुमच्या घरी येणार आहे. कोणाचे निघाले आणि ते कसे आहेत, हे विचारणारे माणूस पलीकडे नसेल, तर माझ्या लेखी ती टेप उघडलीच नाही. तेव्हा तो फोन उचलायला तुम्ही खूप वर्षे ठणठणीत राहा. आमच्यासाठी एवढे कराच.